मूठभर धान्याची सेना
(आचार्य विनोबा भावे यांचे अल्पचरित्र)

संतचरित्र सांगावयास बसलो म्हणजे आम्ही बहुधा तीनचारशे वर्षे मागे जातो. या अंकी मात्र आपल्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेल्या एका पुरुषाची कथा सांगावी असे मनात आले. त्यास निमित्त घडले ते असे.

सन २०२५ च्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात संघर्ष पेटला. त्या आठवड्यात ठिकठिकाणी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम घ्यावी असे सरकारने ठरवले. ज्या ठिकाणांस सर्वांत अधिक जपावयाचे, त्या पहिल्या वर्गाच्या यादीत मुंबई व उरण यांच्या जोडीला आमच्या शेजारच्या तारापूरचे नाव होते. कारण उघड आहे. १९६९ पासून तेथे अणुशक्तीपासून वीज निघते. वाणगाव ते तारापूर हे अंतर ते किती! आमचा मिरचीवाला आणि चिकूवाला, दोघेही त्या दिवशी काम करता करता आभाळाकडे पाहत होते.

पुढे एकादशीला भजनास मंडळी जमली, तेव्हा एका गृहस्थांनी सरळच विचारले, की आपण भूतदया सांगतो, वैर धरू नये म्हणून सांगतो, पण शत्रू दारात आला तर काय टाळ वाजवीत बसायचे? दुसरे एक गृहस्थ खांबाला टेकून बसले होते. त्यांचा मुलगा सैन्यात. ते काहीच बोलले नाहीत, पण त्यांचे डोळे आमच्याकडे लागले होते. खरे सांगतो, त्या रात्री आम्हांस उत्तर देता आले नाही. पेटीवर सूर धरला आणि वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र झोप येईना. हाच प्रश्न ज्याने जन्मभर उशाशी घेतला होता, अशा एका माणसाची आठवण झाली. ते विनोबा.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण भक्ती अशी की घरातले प्रत्येक काम देवाचे. एकदा या माउलीने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला. रोज बसून एकेक दाणा मोजून वाहायची. नरहरपंत शास्त्रीय बुद्धीचे गृहस्थ. ते म्हणाले, इतका खटाटोप कशाला? थोडे तांदूळ तोलून घ्यावे, त्यांत किती दाणे भरतात ते एकदा मोजावे आणि त्या हिशेबाने लाखाचे माप काढावे. कमी पडू नये म्हणून मूठभर जास्तच घालावे. माउलीला काय बोलावे सुचेना. तिने विन्याला विचारले. पोराने सांगितले, की हा गणिताचा हिशेब नाही. प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण व्हावी, त्यासाठी हे मोजणे आहे. वाचकहो, हा तांदळाचा दाणा ध्यानात ठेवा. पुढे साठ वर्षांच्या विनोबांच्या हाती तो पुन्हा यायचा आहे.

सन १९१६ मध्ये विनायक इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघाला. ज्या लोहमार्गावर आमचे वाणगाव वसले आहे, तोच हा मार्ग. पण विनायक आमच्यापर्यंत आलाच नाही. सुरतेस उतरला, घरी पत्र धाडले आणि काशीची वाट धरली. परीक्षार्थी उतरून गेला, गाडी आपली डहाणू, वाणगाव, पालघर करीत मुंबईस गेली! शाळेकॉलेजची प्रमाणपत्रे तर त्याने त्याआधीच आईदेखत चुलीत घातली होती. मनात दोन ओढी होत्या. एक हिमालयाची, ब्रह्मजिज्ञासेची. दुसरी बंगालची, म्हणजे बाँब आणि पिस्तूल यांनी देश सोडवू पाहणाऱ्या क्रांतिकारकांची. काशीत असता गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाचा वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात ते गांधीजींस जाऊन भेटले. पुढे विनोबा सांगत, की हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोन्ही आपल्याला एकाच ठिकाणी मिळाल्या. शस्त्राची ओढ असलेला तरुण अहिंसेकडे वळला तो भित्रेपणाने वळला नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

१९२१ मध्ये गांधीजींनी त्यांस वर्ध्याचा आश्रम सांभाळण्यास पाठविले. दळण, सूतकताई, विणकाम, भंगीकाम आणि अध्ययन असा तेथला दिनक्रम असे. आईला गीता समजावी अशी तिची फार इच्छा होती, पण संस्कृत तिला कळेना, आणि मराठी भाषांतरे मिळाली तीही अवघडच. आई १९१८ मध्ये गेली. तिची ती इच्छा लेकाने ‘गीताई’ रचून पुरी केली. सन १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली, ती सानेगुरुजींनी उतरून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या वचनांचे चिंतन त्यांनी जन्मभर केले. आपण त्यांना परके मानण्याचे कारण नाही.

आता युद्धाची गोष्ट. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. इंग्रज सरकारने हिंदुस्थानास न विचारता युद्धात ओढले. गांधीजींपुढे पेच पडला. हिटलरचा जय कोणालाच नको होता. पण माणसे मारण्याच्या कामी माणूस आणि पैसा देणे हेही मनास पटेना. त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह काढला. एकेकाने उभे राहावे, युद्धास साह्य करू नका असे शांतपणे लोकांना सांगावे आणि तुरुंगात जावे. पहिला सत्याग्रही कोण? देशात मोठी मोठी नावे होती. निवड झाली ती पवनारच्या धाम नदीकाठी राहणाऱ्या, वर्तमानपत्रांस फारशा माहीत नसलेल्या विनोबांची. दुसरे नाव पंडित नेहरूंचे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी पहिले भाषण केले. चार दिवसांत अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा. सुटून आले की पुन्हा तेच बोलावे, पुन्हा आत जावे.

आमच्या भागातही हा धडा रक्ताने लिहिला गेला आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. बाजारहाटाला पालघरास गेलो की हुतात्मा चौकातून आपण जातो येतो. अहिंसा म्हणजे घाबरटांची पळवाट असे ज्यास वाटते, त्याने त्या चौकात क्षणभर उभे राहावे.

स्वराज्य आले, गांधीजी गेले. तेलंगणात जमिनीसाठी सशस्त्र लढा पेटला होता. रात्री बंदूकवाले येत, दिवसा सरकारी शिपाई येत, आणि दोहोंच्या मध्ये गरीब भरडला जाई. विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये पवनारहून पायी निघाले. १८ एप्रिल रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी हरिजन बांधवांनी त्यांना ८० एकर जमीन मागितली. विनोबांपाशी कोठली जमीन? त्यांनी सभेतच विचारले, की गावातले कोणी देईल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि १०० एकर देतो म्हणाले. जे काम बंदुकीने होत नव्हते आणि बंदोबस्तानेही होत नव्हते, ते मागितल्याने झाले! विनोबांना त्या रात्री झोप लागली नाही. तेथून भूदानाची वारी सुरू झाली, ती मधले मुक्काम सोडता १३ वर्षे चालली. १९६४ च्या एप्रिलमध्ये ते पवनारला परतले. चाळीस लाख एकरांच्या वर जमीन दानात आली. त्यांतली पुष्कळशी खडकाळ निघाली, पुष्कळशी कागदावरच राहिली, हेही सांगितले पाहिजे. पण लाखो एकर जमीन एकही डोके न फुटता हातची हातात गेली, हे लहानसहान नव्हे.

या वाटेवर मारही खाल्ला. १९५३ मध्ये बिहारात देवघर येथे हरिजनांसह वैद्यनाथाच्या दर्शनास गेले असता पुजाऱ्यांच्या माणसांनी मारहाण केली. विनोबांच्या कानास इजा झाली आणि तो कायमचा अधू झाला. मारणाऱ्यांस शिक्षा होऊ नये असेच त्यांनी सांगितले. नाथमहाराजांच्या अंगावर थुंकणारा आणि पुन्हा पुन्हा गंगास्नान करून येणारे नाथ आपण कीर्तनात ऐकतो. ते कीर्तन या माणसाने जगून दाखविले.

आणि पाहा हरीची लीला! १९५८ च्या मे महिन्यात पंढरपुरास सर्वोदय संमेलन भरले. सानेगुरुजींच्या उपोषणाने १९४७ मध्ये हरिजनांसाठी उघडलेले ते राऊळ. परधर्मीयांस आत घेणार नसाल तर मीही बाहेरूनच हात जोडीन, असा विनोबांचा नेम होता. या वेळी देवळाच्या मंडळींनी आपण होऊन बोलावणे पाठविले. मुसलमान आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांसह विनोबा विठ्ठलापुढे उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. जेथे मार खाल्ला तेथे प्रतिकार केला नाही, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या देवळाचे दार आतून उघडले.

आता मुख्य कथेकडे येऊ. २३ ऑगस्ट १९५७ रोजी केरळात मंजेश्वर येथे विनोबांनी शांतिसेनेची स्थापना केली. केळप्पनजींसारखे जुने सत्याग्रही पुढे आले. दंगा झाला की पोलिसांच्या आधी तेथे पोहोचावे, दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे राहावे, मार पडला तर सोसावा, मरण आले तर मरावे, पण कोणावर हात उचलू नये. आणि दंगा नसेल तेव्हा गावाची सेवा करावी, हे या सैनिकाचे काम. त्यांचा हिशेब साधा होता. दर ५,००० वस्तीमागे एक शांतिसैनिक. त्या काळच्या लोकसंख्येस सुमारे ७०,००० माणसे.

आपल्याला यात नवल वाटू नये. ज्ञानोबारायांच्या पालखीला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे मूळचे शिंदे सरकारच्या पदरचे. दिंड्यांचे क्रम, चोपदार, तळ, कूच हे सारे लष्करी वळणाचे. एका शिपाईगड्याने लष्कराची शिस्त घेतली, शस्त्र तेवढे खाली ठेवले आणि हाती टाळ दिला. लाखो माणसे पुढच्याचा माग धरून चालतात, चोपदाराची काठी वर झाली की गप्प होतात. अशी बिनहत्यारी फौज जगात दुसरीकडे क्वचितच असेल. विनोबा मागत होते ते हेच, फक्त पंढरीच्या वाटेप्रमाणे दंग्याच्या वाटेवरही.

या सेनेचा खर्च कोठून यायचा? सरकारकडून नाही आणि धनिकाकडूनही नाही. विनोबांनी सर्वोदयपात्र काढले. प्रत्येक घरी एक भांडे ठेवावे आणि घरातल्या लहान मुलाने आपल्या मुठीने रोज मूठभर धान्य त्यात घालावे. मोठ्याची मूठ नको, लेकराचीच हवी. म्हणजे त्याला कळत्या वयापासून सवय लागेल, की शांती फुकट मिळत नाही. आईच्या लाख तांदळांतला तो दाणा येथे पुन्हा आला. धान्य किती जमले हा हिशेब दुय्यम. रोज मूठ घालताना घराला आठवण व्हावी, की आम्ही शांतीच्या बाजूचे आहोत.

हे सारे स्वप्नच होते काय? १९६० च्या मे महिन्यात विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले. मानसिंगाच्या टोळीतल्या, फाशीची शिक्षा झालेल्या त्याच्या मुलाने, तहसीलदारसिंगाने, तुरुंगातून त्यांना पत्र लिहिले होते. मध्यस्थीस पुढे आले मेजर जनरल यदुनाथ सिंह, म्हणजे लष्करातलाच अधिकारी! वर्षानुवर्षे पोलिसांच्या बंदुकांना दाद न देणाऱ्या वीस जणांनी आपली हत्यारे विनोबांच्या पायाशी ठेवली. पुढे १९६४ मध्ये नागालँडात गोळीबार थांबला, त्या शांतिमंडळात जयप्रकाश नारायण होते. १९६९ च्या अहमदाबादच्या दंग्यानंतर शांतिसैनिकांनी तेथे काम केले.

तरी कसोटी आली ती १९६२ मध्ये. त्या सप्टेंबरात विनोबा पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आताच्या बांगलादेशातून, पायी गेले. जो देश शत्रू म्हणायचा, तेथल्या मुसलमान शेतकऱ्यांनीही त्यांना भूदान दिले. आणि महिना लोटतो न लोटतो तोच, २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. विनोबांनी चीनला आक्रमक ठरविले आणि सरकारच्या संरक्षणाच्या कामात अडथळा आणला नाही. परदेशातल्या शांतिवाद्यांना याचा विषाद वाटला. १९४० मध्ये तुरुंगात जाणारा माणूस आता गप्प का, असे त्यांना झाले. आमच्या मते उत्तर त्यांच्या हिशेबातच आहे. ज्या देशाने शांतिसेना उभीच केली नाही, त्याला ऐन वेळी शस्त्र टाक म्हणून सांगण्याचा अधिकार कोणाला? दुसरी तजवीज आधी करावी लागते. ग्रामदान हेच देशाचे संरक्षण, असे ते पूर्वीपासून सांगत. ज्या गावात कोणी भुकेला नाही आणि कोणी कोणाचा वैरी नाही, ते गाव बाहेरच्याला फोडता येत नाही. त्यांचे सोबती आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव मार्च १९६३ मध्ये दिल्लीहून पेकिंगची पदयात्रा घेऊन निघाले. सीमेपलीकडे त्यांना जाऊ दिले नाही. पण निघाले तर खरे!

सत्य ते सांगावे. सत्तर हजार शांतिसैनिक कधीच जमले नाहीत. सर्वोदयपात्रे काही वर्षांत फळीवर पालथी पडली. १९७५ च्या आणीबाणीत विनोबांच्या भूमिकेने पुष्कळांची मने दुखावली, सोबत्यांत फूट पडली, आणि शांतिसेनेची ती पहिली उमेद ओसरली. विनोबा १९८२ च्या नोव्हेंबरात आजारी पडले. त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडले आणि १५ नोव्हेंबर रोजी पवनारला देह ठेवला. पुढच्या वर्षी सरकारने भारतरत्न दिले.

आता आमच्या पदरचा हिशेब मांडतो. २०२५–२६ या वर्षी भारत सरकारने संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले. देशाची वस्ती १४५ कोटींच्या घरात धरली तर माणशी साडेचार हजारांहून जास्त, पाच जणांच्या घराला तेवीस हजारांच्या आसपास. साऱ्या जगाने २०२४ मध्ये या कामी सुमारे २ लाख ७० हजार कोटी डॉलर ओतले असे स्टॉकहोमची शांतिसंशोधन संस्था सांगते. शेजारी वाढवितो म्हणून आपण वाढवायचे, आपण वाढवितो म्हणून शेजारी वाढवितो. दोघेही एकमेकांच्या भयाने खर्चात पडतात, हे दुःख विनोबा बोलून दाखवीत. दोन भावांनी बांधाच्या वादात कोर्टकचेरीपायी जमीनच विकून टाकावी, तशातला हा प्रकार. इतके देऊनही तारापूरच्या उशाला भोंग्याची तालीम घ्यावीच लागते.

आम्ही तेवीस हजार देतो ते कराच्या रूपाने. ते कोणी विचारून नेत नाही. विनोबांनी मूठभर धान्य मागितले, तेही लेकराच्या मुठीने, आणि ते मात्र आम्हांस जमले नाही. दर पाच हजारांस एक, हे त्यांचे माप आज धरले तर देशाला २ लाख ९० हजार शांतिसैनिक लागतील. सैन्यात चौदा लाखांच्या आसपास जवान आहेत. मारण्यासाठी आणि मरण्यासाठी मिळून चौदा लाख मिळतात, नुसते मरण्यासाठी तीन लाख मिळत नाहीत! शस्त्रांच्या खर्चावर टीका करणे सोपे. तो खर्च ज्याने कमी होईल ते आपल्या घरातून देणे कठीण.

खांबाला टेकून बसलेल्या त्या गृहस्थांस आता आमचे उत्तर असे. आपल्या मुलाला आम्ही उणे लेखीत नाही. दुसऱ्यासाठी प्राण द्यायला तो तयार आहे, ही अर्धी शांतिसेनाच झाली. उणे आम्ही आहोत. त्याच्यावाचून चालेल अशी दुसरी तजवीज आम्ही केली नाही, म्हणून त्याला सीमेवर उभे राहावे लागते. आणि त्या दुसऱ्या गृहस्थांस सांगणे, की शत्रू दारात आल्यावर टाळ वाजवून भागत नाही हे खरे. पण शत्रू होण्याआधी, गावातल्या भांडणात, जातीच्या तेढीत, शेजारच्या वस्तीत दगड उचलला जातो तेव्हा, टाळ गळ्यात ठेवून मध्ये उभे राहणारा वारकरी कोठे असतो?

आमच्या वाणगावच्या भजनी मंडळात पुढच्या एकादशीपासून एक पितळी डबा ठेवण्याचे ठरले आहे. लेकरे त्यात मूठ घालतील. ते धान्य कोणास द्यायचे ते पंचक्रोशीतली गरज पाहून ठरवू. मुख्य गोष्ट दाण्याबरोबर होणारी आठवण. सीमेवरची सारी लेकरे, अलीकडची आणि पलीकडची, सुखरूप घरी यावीत, आणि त्यांच्या येण्याची वाट मोकळी करण्याची बुद्धी आम्हांस व्हावी, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.